घरीच असते

डॉक्टरसाहेब,

तीन मार्चला सकाळी सव्वाअकरा वाजता तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीला विचारलंत, "दिवसभर काय करता?" सवयीने उत्तर मीच ठोकून दिलं, "घरीच असते." तुम्हीही मान वर न करता क्षयाची औषधं लिहून मोकळे झालात. दोन महिने झाले, आता खोकल्यातून रक्त येतंय.

ती रोज गच्चीवर पालापाचोळ्याचं खत खालीवर करते. त्यातली बुरशी फुप्फुसात घर करू शकते, हे मला काल वाचून कळलं. तुम्हाला तर ठाऊक असायला हवं होतं.

"ताई, या वेळी मला बोलू दे," ती म्हणते. म्हणून हे पत्र घरीच ठेवतेय. उद्या तुमच्याकडे येऊ तेव्हा मी तोंड शिवून बसेन. थुंकीत बुरशी का शोधली नाहीत, ते तीच विचारेल. लेखी उत्तर शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत हवं, आणि तेही तिच्याच नावाने, हेसुद्धा तीच सांगेल.

तिची थोरली बहीण