हळदीचा धडा

बाई,

"वावर बघायला सातबारा लागत न्हाई," असं तुम्ही नववीच्या वर्गात सगळ्यांसमोर मला म्हणाला होतात. हळदीचं झाड उपटून आणायला सांगितलं होतं आणि मी पुस्तकातलं चित्र उतरवून आणलं होतं. आम्हाला शेत नव्हतं. वडील देवळात पूजा करायचे, घरात हळद यायची ती दळलेली, पुडीत. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही मला एसटीत बसवून कुरुंद्याला, तुमच्या बहिणीच्या शेतात नेलंत. गड्डा उकरलात, माती झटकलीत. "सांग, मूळ का खोड?" मी म्हणाले, मूळ. तुम्ही हसलात आणि कंदावरची पेरं मला बोटानं मोजायला लावलीत. "मुळाला कधी पेरं असतेत का गं?" परतताना एसटीत मी सारखी माझी पिवळी नखं बघत होते.

आता मीही विज्ञान शिकवते, कळमनुरी तालुक्यातल्या एका शाळेत. जीवशास्त्राच्या तासाला मुलं पेंगतात, उत्तरं पाठ करतात, पेपर झाला की विसरतात. म्हणून गेल्या उन्हाळ्यात सगळी सुट्टी घालवून मी नववीच्या वर्षाचा नवा आराखडा केला. पावसाळ्यात सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी चिरून आतला गुलाबी रंग बघायचा. तूर फुलली की तिच्यावर कोणकोणत्या माश्या येतात ते टिपायचं. आणि हळद काढायला निम्मा वर्ग आईबापांबरोबर जातो, तेव्हा त्यांचा धडा शेतातच. मुख्याध्यापक म्हणाले, "करा मॅडम, पण पोर्शन बराबर झाला पाहिजे." त्यांनी अडवलं असतं तर बरं झालं असतं.

माझ्या वर्गात तांड्यावरची एक मुलगी आहे. होती, म्हणायला अजून जीभ रेटत नाही. तिला नर्स व्हायचंय. तिलाही मी हळदीच्या दिवसांतला अभ्यास दिला: कंदाचं चित्र काढ, एक कच्चा आणि एक शिजवलेला कंद डब्यात लाव, कोणता उगवतो ते लिही. आठवड्यानं, ती आईबरोबर मजुरीला जायची त्या शेतावर मी स्वतः गेले. हळद शिजवायच्या कुकरमधून वाफ निघतेय, ती आईशेजारी बसून कंद मोडतेय, वही कोरी आहे. मी तुमच्यासारखंच विचारलं, "मूळ का खोड?"

ती हसली नाही. "खोड. मुळ्या आमी तोडून फेकतो. मॅडम, हे समदं मला येतंय. येत न्हाई ते शिकवा ना."

आईनं हातातली कंदांची पाटी खाली ठेवली. "हळद तर मीच शिकिवते की हिला. त्याच्यासाठी शाळंत काहून धाडू?"

पलीकडची बाई म्हणाली, "मॅडमलाच घ्या की रोजावर!" सगळ्या हसल्या. मीही हसले. त्यानंतर ती मुलगी शाळेत आलेली नाही. हळद संपून महिना होत आला.

बाई, मला शेत नव्हतं म्हणून शेत माझ्यासाठी नवल होतं. तिला तिथून निघायचं होतं, आणि शाळेत येऊन तिला पुन्हा तेच मिळालं. एवढं साधं मला दिसलं नाही. तुम्ही असतात तर तुम्हाला दिसलं असतं का, हे विचारायची भीती वाटते. हे पत्र माझ्या वहीतच राहणार आहे, म्हणून कबूल करते: आराखडा लेकरांसाठी केला असं मी सगळ्यांना सांगत आले, पण पान उलटताना दर वेळी तुम्ही काय म्हणाल हाच विचार होता. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

उद्या तांड्यावर जाणार आहे. याआधी दोनदा गेले, दोन्ही वेळा तिची आई दारातूनच "बघू" म्हणाली. उद्याही दुसरं काही ऐकायला मिळेल असं वाटत नाही. तरी तिला एवढंच म्हणणार आहे: ताई, पोरीला परत पाठवा. मी फळ्यावर उत्तरं लिहून देईन, ती फक्त उतरवून घेईल.