लेनाबाई पडल्या नव्हत्या

२ मार्च ९४, श्रूजबरी, इंग्लंड
महिला दिनाला इथल्या मराठी मंडळाला पाहुणी हवी होती. मी शेजारच्या लेनाबाईंचं नाव दिलं. वय अठ्ठ्याऐंशी. तरुणपणी जर्मनीत आठशे मीटर धावायच्या. यायला तयार, पण अट एकच: "मी पडले नव्हते, हे नीट सांगा."
शेवटच्या शर्यतीनंतर बाई दम खायला गवतावर आडव्या झाल्या. पेपरवाल्यांनी 'कोसळल्या' छापलं. बायकांना झेपत नाही म्हणून पुढे ती शर्यतच बंद. पुरुषही आडवे व्हायचे की! त्यांचं कुणी काही बंद केलं नाही. ऐकूनच डोकं फिरलं.

६ मार्च
अध्यक्ष देशपांडे काकांनी फोनवर भाषण वाचून दाखवलं. "त्या कोसळल्या, पण जिद्द कोसळली नाही!"
म्हटलं, काका, त्या पडल्याच नव्हत्या.
"अगं, थोडा इमोशनल टच नको का?"
भांडले. शेवटी "बरं, कॅन्सल केलं ते" म्हणाले.
सुधीर म्हणतो, एका शब्दासाठी नवरा सोडून सगळ्यांशी भांडतेस. म्हटलं, थांब, तुझाही नंबर येईल.

१२ मार्च, शनि.
महिला दिनाचा कार्यक्रम झाला. ते वाक्य वाचलंच काकांनी! तेही इंग्रजीत, पाहुणीला कळावं म्हणून. मग शाल, नारळ, टाळ्या. लेनाबाईंनी नारळ माझ्या हातात कोंबला आणि माइक ओढला.
"आय डिड नॉट फॉल. आय वॉज टायर्ड. यू नेव्हर गेट टायर्ड, सर?"
मागच्या पोरी फिस्सकन हसल्या. काका लालबुंद. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, काखेत नारळ धरून. दोघीतिघी उठल्या. बाकीचे बटाटेवड्यांकडे.

१५ मार्च
काकांचा फोन. उभं राहून टाळ्या वाजवल्याबद्दल मी माफी मागायची, नाहीतर कमिटी सोडायची. दोन्ही करणार नाही. काढायचं तर सगळ्यांसमोर काढा म्हटलं, माइकवरून. "बघू मीटिंगमध्ये."
फोन आपटला. तशीच लेनाबाईंकडे गेले. शाल पायांवर घेऊन बसल्या होत्या.
"लोकांना पटलं का?"
खोटं बोलवेना. काहींना पटलं, म्हटलं.
"मग बाकीच्यांच्या घरी ने मला," म्हणाल्या आणि कोट शोधायला उठल्या.