कडेची खळबळ आणि शाळेतली खिचडी

माय,

आज दुपारी दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरीला हात घातला, तेव्हा लक्षात आलं की तीन आठवडे मी नुसतंच ताट उष्टं करत होते. तू असतीस तर पहिल्याच दिवशी माझ्या तोंडाकडं बघून "कावून गिळंना झालीस गं?" म्हणून धारेवर धरलं असतंस. आता विचारणारं कुणी नाही, म्हणून मीच सांगते. वाईट काही नाही. उलट इतकं हलकं वाटतंय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना.

पाटोद्याच्या बाजारात तू बायकांना सांगायचीस, "माजी पोरगी कंपूटरवर सूर्य करती." मला लाज वाटायची, मी तुला दटावायचे. पण खरं सांगू का, माझं काम याहून नेटकं मला अजून कुणालाच सांगता आलेलं नाही. सूर्यात हलके अणू एकमेकांत मिसळून ऊर्जा देतात, तेच जमिनीवर एका यंत्रात करायचं, असा हा खटाटोप. त्यासाठी वायू इतका तापवतात की तो वायूच राहत नाही, त्याला प्लाझ्मा म्हणतात. कुठलंच भांडं त्याला पुरं पडत नाही, म्हणून चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरून ठेवतात. मधला भाग त्यातल्या त्यात बरा वागतो, सगळी खोड कडेला. तिथं खळबळ माजते, तापलेले लोट सुटून बाहेर पडतात आणि ती उष्णता खालच्या धातूच्या फरश्यांवर येऊन आदळते. अरुंद पट्ट्यात आदळली तर फरशी वितळते, ऐसपैस पसरली तर टिकते. यंत्र बांधायच्या आधी हे संगणकात चालवून बघायचं आणि पट्टा किती रुंद पडेल ते सांगायचं, एवढंच माझं काम. मी सांगितलं होतं, रुंद पडेल. त्या भरवशावर दुसऱ्या गटानं फरश्यांचे नकाशे काढायलाही घेतले होते.

आणि गेल्या महिन्यात संगणकातल्या जुन्या फायली आवरताना माझ्याच प्रोग्रॅममधली एक ओळ दिसली. ही गणितं फार नाजूक, कडेला आकडे एकदम उसळले की सगळंच कोसळतं. म्हणून चाचणीपुरता आम्ही एक खोटा चिकटपणा घालतो, शेजारशेजारचे आकडे बळेच सारखे करतो. खळबळ जरा बसते, गणित चालू राहतं. नंतर तो काढून टाकायचा. मी काढलाच नव्हता! दोन वर्षं तो तिथं गुपचूप बसून होता. माझा पट्टा खरंच रुंद होता की त्या ओळीनं पसरवून रुंद केला होता, हे मला सांगता येईना. फरश्या माझ्या शब्दावर बनणार होत्या. बरं, कुणाला कळलंही नसतं. आलेख देखणे होते, दोन मोठ्या माणसांनी बघून शाबासकी दिली होती. गप्प बसायला काहीच लागत नव्हतं.

तेव्हा मला तुझी ती खिचडी आठवली, जिच्यावरून मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते. मी सातवीत आहे आणि तू आमच्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवतेस. लेकरांना वाढायच्या आधी गुरुजींनी चाखायची आणि वहीत शेरा लिहायचा, ही रीत. गुरुजी वरचा घास चाखतात, मान डोलावतात, वहीत 'चव चांगली' असं लिहितातही. मी रांगेत पुढंच उभी आहे. आणि तू पदराला हात पुसत म्हणतेस, "गुर्जी, वही मिटू नगा. खाली लागलीय. खालून घेऊन चाखा." गुरुजी खालून चाखतात आणि तोंड वाकडं करतात. "लक्ष कुटं असतं बाई तुमचं? आता दुसरी कवा शिजायची?" सगळ्यांदेखत तुला बोलणी बसली, लेकरं दोन वाजेपर्यंत ताटकळली, आणि वर्षभर पोरांनी मला वर्गात 'करपी' म्हणून हाक मारली. घरी येऊन मी ताट सरकवलं. "कावून सांगितलंस? त्यायनी तर चांगली म्हणून लिवलं व्हतं." तू पीठ मळता मळता बोललीस, वर बघितलंसुद्धा नाहीस. "चाकणारा वरून चाकतो बाई. खाली काय लागलंय ते माज्या उलथन्यालाच ठावं. लेकरं तर पार खालपस्तोर खाणार हायती."

मी सोमवारच्या बैठकीत उभी राहिले आणि सांगून टाकलं. कुणी ओरडलं नाही, फक्त फरश्यांच्या गटातल्या माणसानं पेन खाली ठेवलं, तेच मला फार लागलं. मग ओळ काढून पहिल्यापासून गणित लावलं. दोनदा कोसळलं. आकडे ज्या जाळीच्या घरांत बसवतो, ती जाळी कडेला आणखी बारीक विणली तेव्हा कुठं गणितानं तग धरला, आणि मी रोज जाऊन त्या पडद्यासमोर बसायचे. काल उत्तर आलं. पट्टा आधीपेक्षा थोडा अरुंद निघाला, पण पुरेसा रुंद. खरीखुरी खळबळच उष्णता पसरवते आहे, माझ्या खोट्या चिकटपणाची तिला गरज नव्हती. नकाशे जरा बदलतील, फरश्या टिकतील. जीव भांड्यात पडला, माय. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले आणि बाहेर येऊन सगळ्यांना चहा पाजला.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, वहीतच राहील, म्हणून आणखी एक सांगून टाकते. चहा पिताना आमच्या प्रमुख बाईंनी विचारलं, "स्वतःहून चूक सांगायची ही सवय तुला कुणी लावली?" माझी आई शाळेत खिचडी शिजवायची, एवढं एक वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पण ती खोली, ती सगळी शिकलेली माणसं. मी म्हणाले, "पीएचडीच्या सरांनी." खरं बोलल्याबद्दल माझं कौतुक चाललं होतं, आणि त्याच दमात मी खोटं बोलले.