आईवर शिसं ओतलं तेव्हा

त्राव्निक, १४ ऑक्टोबर

प्रिय मेर्सिहा,

तुला आणि एनेसला सलाम. आई बरी आहे, गुडघे सोडून. व्लाशिच डोंगरावर पहिला बर्फ दिसला. लाल मिरच्या भाजून बरण्यांत भरून झाल्या. तुझा पोट दिसणारा फोटो आईनं फ्रिजवर लावलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, "सातवा लागलाय माझ्या लेकीला."

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू हसून विषय बदलतेस, आणि मलाही ते बरंच वाटतं.

आधी माझं सांगते. उन्हाळ्यापासून झोप नाही. दुकानात रोजच्या गिऱ्हाइकाचं नाव आठवत नाही, अंगातून वाफा निघतात. भांडी घासता घासता छाती धडधडायला लागते, जसं काही मागे कुणी उभं आहे. कुणाला बोलले नव्हते, पण हायरियावन्संनी ओळखलं. नणंदच ती.

"कशाला तरी घाबरलीयेस तू. चल, हनिफाबाईंकडून भीती उतरवून आणू."

"वन्सं, तुमच्या भावाबरोबर वीस वर्षं काढली. आता कशाला घाबरतेय मी?"

"म्हणून तर म्हणते, चल."

गेलो. आईही आली. माझ्या डोक्यावर लाल कापड धरलं, आणि हनिफाबाईंनी दुआ पुटपुटत वितळलेलं शिसं त्यावर धरलेल्या भांड्यातल्या पाण्यात ओतलं. चर्र झालं. गोळा निघाला तो नुसता काट्यांचा. "केवढी भीती साठलीय," त्या म्हणाल्या. "अजून दोनदा यावं लागेल."

तेव्हा आई दाराजवळच्या बाकावरून उठली. परक्या घरात पाणीसुद्धा न मागणारी आपली आई. म्हणाली, "पुरे. मेर्सिहा झाली तेव्हा माझ्यावरही तीनदा ओतलं. तुमच्या आईनंच ओतलं. सगळे म्हणाले, उतरली भीती. काही उतरलं नव्हतं. हिला डॉक्टरकडे न्या."

"विहीणबाई, त्यांच्या घरात तरी हळू बोला," वन्सं म्हणाल्या.

"आयुष्यभर हळूच बोलले," आई म्हणाली.

मेर्सिहा, तुझ्या जन्मानंतरच्या हिवाळ्यात आई समुद्रकाठच्या हॉटेलात कामाला गेली होती, असं आम्ही तुला सांगत आलो. ती हॉस्पिटलात होती. तू झाल्यावर ती बोलेनाशी झाली. तुला पाजायची, पण तुझ्याकडे बघायची नाही. शिसं ओतून झाल्यावर सगळे निश्चिंत झाले आणि तिच्यावर लक्ष ठेवणं सोडलं. एका दुपारी ती तुला घेऊन नदीवर गेली. सतरंज्या धुणाऱ्या बायकांनी तिला छातीभर पाण्यातून ओढून काढलं. मी नऊ वर्षांची होते. ओलीचिंब आई दारात आणलेली मला दिसते अजून.

ती बरी झाली, पुरती बरी. पण घरात ठरलं की तुला कळू द्यायचं नाही. पोरीला वाटेल, माझ्यामुळे झालं.

तुझ्यामुळे नव्हतं. ते आजारपण होतं.

मी आईला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, घरात कुणाला बाळंतपणानंतर त्रास झाला होता का? सवयीनं मी 'नाही' म्हणणार, तेवढ्यात आई 'हो' म्हणाली. बाईंनी समजावलं, वयात येताना, बाळंतपणात, पाळी जाताना अंगात जे बदलतं ते मेंदूलाही हलवतं. कुणाला कमी, कुणाला फार. त्याला औषध आहे. मी घेतेय, आणि परवा पहाटेपर्यंत झोपले. निघताना त्यांनी विचारलं, "तुमच्या बहिणीला हे माहीत आहे?"

तुलाही तसं होईलच असं नाही. पण तुझ्या डॉक्टरांना आत्ताच सांग. एनेसला हे वाचून दाखव, नवऱ्यालाही माहीत असू दे. बाळ परकं वाटलं, झोप उडाली, नको ते मनात आलं, तर लाजू नकोस. त्याच दिवशी बोल. बाळंतपणाला मी तुझ्याकडे मारिबोरला येतेय. दुकान वन्सं बघतील.

आईला विचारलं, तू काही लिहितेस? तिनं चष्मा पुसला. मग म्हणाली, "एवढंच लिही. पाण्यात जाण्याआधी मी तिला कोरड्या गवतावर ठेवलं होतं. शालीत गुंडाळून, उन्हात."

खरं आहे ते. तुला घरी आणलं तेव्हा तुझी शाल कोरडी होती. मी हात लावून पाहिली होती.

तुझ्यापासून आता काहीही न लपवणारी,
झुम्रेताताई