‘वायहो’ कुणी म्हटलं?

३ फेब्रु., मंगळ.
हिनेचा गुडघा गेला. आजच्या हॉकी मॅचमध्ये.
हिने हे तिचं नाव; डिफेन्सला ती माझ्या शेजारी. माओरी, न्यूझीलंडकडून वर्षानुवर्षं खेळलेली, यंदा लीगसाठी आमच्या टीममध्ये. तिनेच शिकवलं: बॉल आपण घेणार असू तर ओरडायचं ‘वायहो’. त्यांच्या भाषेत, सोड. उंच बॉल आला, मी ओरडले, ती थांबली. समोरची फॉरवर्ड अंगावर येताना दिसली आणि मी भिऊन मागे सरले. गेलेच नाही. मग तीच झेपावली, उशिरा. पडली ती उठलीच नाही.

४ फेब्रु.
मॅनेजर जोशी सर पुण्याचे, माझ्याशी मराठीतच बोलतात. “वायहो कुणी म्हटलं?”
मी म्हटलं, “हिने...” पुढे ‘माझी हाक ऐकून थांबली’ असं म्हणायचं होतं, पण सरांनी मधेच तोडलं. देवाशपथ.
“म्हणजे हिनेच ओरडली आणि हिनेच थांबली? वय झालं तिचं.” लिहूनही घेतलं. मी त्यांची चूक सुधारलीच नाही. एक नंबरची भागूबाई.

६ फेब्रु.
ताट तसंच सरकवलं. अम्मा तिच्या तमिळमिश्रित मराठीत लाडाने म्हणते, “काय गे कण्णा, रसमसुद्धा नको?” तिला काय सांगू.
सरांचा रिपोर्ट हिनेच्या देशाच्या कोचकडे जाणार. गुडघा बरा होईल म्हणतात, मोठ्या स्पर्धेपर्यंत. पण गोंधळते असं कळलं तर तिला घेणार कोण? आणि खरं बोलले तर मला कोण ठेवणार? एग्मोरच्या मैदानावरून घरी येईस्तोवर बसमध्ये हाच विचार.

८ फेब्रु., रवि.
अण्णा नगरला हॉस्पिटलात गेले. हिने हसली. म्हणाली, “ते म्हणतात हाक माझीच होती. मला तर तुझा आवाज वाटला. तू शेजारीच होतीस. मी ओरडले का गं?”
म्हटलं, “गर्दीत नीट ऐकू आलं नाही.”
“मग असेन ओरडले. कान फसवायला लागले की खेळणं थांबवावं. उद्या अकराला कोचचा फोन आहे, सांगून टाकते.”
माझ्यावर संशयसुद्धा नाही. याचीच जास्त भीती वाटली.

९ फेब्रु.
अकराला पाच कमी. तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर लिहितेय. खरं सांगायला जोशी सरांना फोन केला, उचलत नाहीत. आत फोन वाजला. हिने म्हणतेय, “हो कोच, मीच. चूक माझीच...”
उठले. दाराच्या मुठीवर डावा हात आहे माझा. उघडतेय, ‘वायहो’ मी म्हटलं हे सांगायला.