चौसष्टावं पान

१२ जानेवारी

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

अहवाल एकदाचा हातावेगळा केला. तुझ्याच आरोग्य खात्याचं काम, म्हणून आधी तुला कळवते. आठ महिने, सहाशे चौदा घरं आणि झिजलेल्या चपलांचे तीन जोड! वहिनीला सांग, तिने दिलेली छत्री एका घरच्या कुत्र्याने फाडली.

वस्तीतले चार छोटे दवाखाने बंद करून एकच मोठं रुग्णालय केलं तर बायका तिथे जातील का, एवढाच प्रश्न होता. शिवणकाम करणाऱ्या एका मावशींनी पहिल्याच दिवशी मला उलट विचारलं, की हे वर कोणी वाचतं तरी का. त्यांच्या सुनेला आता नुकतेच दिवस गेलेत. मी ऐटीत सांगितलं, माझा भाऊच तिथे बसतो. त्यावर त्यांनी मशीन थांबवलं, स्टूल पुढे केलं आणि दोन तास बोलल्या. तेव्हा साहेब, नीट वाचा!

भाचीला पापा. माया आहे तशीच राहू दे.

तुझी टिल्ली

३ फेब्रुवारी

चि. टिल्लीस,
अ. उ. आ.

अहवाल मिळाला. एकशे चाळीस पानं! शाळेतला निबंध चार ओळींत उरकणारी ती हीच का, असं तुझी वहिनी विचारते. काम चोख झालंय, ऊर भरून आला. पण आमचे वरिष्ठ एका पानापलीकडे वाचत नाहीत. सारांश मीच करतो, तू त्रास घेऊ नकोस.

पान त्रेसष्टवर लिहिलंयस, की शंभरातल्या एक्याऐंशी बायकांना मोठ्या रुग्णालयातली तपासणी जास्त चांगली वाटते. आकडा पक्का ना? लगेच कळव.

कन्येचा पुढचा दात पडला, हसली की तुझी आठवण येते. जपून राहा.

तुझा दादा

९ एप्रिल

दादा,

आज मायना लिहवत नाही. दवाखान्याच्या दारावर नोटीस लागली आहे. सर्वेक्षणानुसार एक्याऐंशी टक्के महिलांची मोठ्या रुग्णालयाला पसंती, सबब चारही दवाखाने बंद. आकडा पक्का आहे असं मीच हौसेने कळवलं होतं तुला.

चौसष्टावं पान कुठे गेलं? त्यावर होतं, की यातल्या बहुतेकींना तिथे पोचताच येत नाही. दोन बस बदलायच्या, लेकरू कडेवर, अख्खा दिवस मोडतो. गरोदरपणातल्या तपासण्या सुटतील, हे मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. खात्यात जाऊन सारांशाची प्रत पाहिली. अक्षर तुझं आहे.

मावशी भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या मान वर न करता एवढंच म्हणाल्या, की आता पुन्हा विचारायला येऊ नका.

उत्तर दे.

१७ एप्रिल

चि. टिल्लीस,
अ. उ. आ.

डोकं शांत ठेवून वाच. दवाखाने बंद करायचं तुझं काम सुरू होण्याआधीच ठरलं होतं. फाइलीला एखादं सर्वेक्षण जोडावं लागतं. तू तेव्हा घरी बसून होतीस, म्हणून मी तुझं नाव सुचवलं. तुझं भलंच पाहिलं. एकही आकडा मी खोटा लिहिलेला नाही. बदल्यांची यादी निघायची आहे, तेव्हा कुठे बोलू नकोस. आमच्यासारख्यांचं इथे काय चालतं?

सुट्टीत ये, समोरासमोर बोलू. राग धरू नये, ही विनंती.

तुझा दादा

२६ मे

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

वयाने मोठा आहेस, म्हणून मायना लिहिला.

मी आठ महिने दारोदार फिरत होते आणि तू दर पत्रात विचारायचास, किती घरं झाली. तुला सगळं माहीत होतं. तुझं पत्र वाचल्यापासून तेवढंच डोक्यात घोळतंय.

मी पुन्हा वस्तीत गेले. कित्येकींनी दार लावून घेतलं. मावशींनी तिसऱ्या खेपेला आत घेतलं. परवा आरोग्य समितीने दवाखान्यांवर घेतलेल्या जाहीर सुनावणीला चाळीस बायका आल्या. मी अहवाल पूर्ण वाचला आणि त्यांनी आपापली उत्तरं उभं राहून स्वतः सांगितली. एक सदस्य म्हणाले, हे आमच्यापर्यंत आलंच नव्हतं. दोन दवाखाने वाचले, दोन गेले. मावशींचा गेला. सुनेला आता सातवा महिना आहे.

सारांश कोणी केला, असं अध्यक्षांनी विचारलं. मी तुझं नाव आणि हुद्दा सांगितला. चौकशीचं पत्र या आठवड्यात तुझ्या टेबलावर येईल. ते अचानक समोर येऊ नये, म्हणून आधी कळवते आहे. वहिनीला मी काही बोललेले नाही, ते तुझं तू सांग.

सुट्टीत येणार नाही. लोभ मागत नाही, आशीर्वाद दिलास तर घेईन.

तुझी बहीण