राहत्या घरी निधन

प्रिय आत्या,

परवा वर्गात तुझ्या मरणाची बातमी वाटली गेली. झेरॉक्स काढून, प्रत्येकाच्या हातात एकेक. म्हणून लिहायला बसले, नाहीतर तुला पत्र लिहायचं खूळ माझ्या डोक्यात कशाला शिरलं असतं? तुला वाचता तरी कुठं येत होतं!

मी जालन्याला पत्रकारिता शिकते हे तू साऱ्या हसनाबादला सांगून ठेवलं होतंस. शिकते काय, ते मात्र तुला कधी पटलं नाही. "बातमी लिहायला शिकून राह्यली? त्यात काय शिकायचं गं? झालं ते सांगायचं, बस." मी तुला समजावलं होतं की महत्त्वाचं असेल ते आधी सांगायचं. कोण, काय, कुठे, कधी, का, कसे, हे सगळं सुरुवातीच्या दोन-तीन वाक्यांत यायला हवं. तू खो खो हसली होतीस. तुझी बातमी म्हणजे आधी एसटीत जागा मिळाली नाही, मग शेजारी कोण बसली, तिच्या सुनेचं काय चाललंय, आणि चहा पिऊन झाल्यावर अगदी शेवटी, "अन् हां, तो तुकाराम मेला म्हनं." आप्पा कपाळावर हात मारून घ्यायचे.

तर परवाचं सांगते. सरांनी निधन वार्ता शिकवायला घेतली. नवीन माणसाला पेपरात पहिल्यांदा हेच काम देतात म्हणे. चार ओळींची बातमी, ठरलेला साचा. नमुना म्हणून त्यांनी जुन्या अंकातलं एक कात्रण निवडलं होतं. "ही बघा, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही," ते कौतुकानं म्हणाले.

मी वाचायला लागले. 'पिंपळगाव रेणुकाई येथील कौसल्याबाई रंगनाथ' (आडनाव लिहायला माझा हात धजत नाही) 'यांचे अल्पशा आजाराने राहत्या घरी निधन झाले. त्यांच्या पश्चात पती, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.'

दोन मुले, आत्या! तुला!

मूल होईना म्हणून त्या माणसानं दुसरी आणली आणि तू आपली ट्रंक उचलून हसनाबादला भावाच्या घरी आलीस. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आई-आप्पा शेतात जायचे आणि मी दिवसभर तुझ्या कडेवर. माझी वेणी तू घातलीस, गोवरात तू जागलीस, मी शाळा बुडवली म्हणून पाठीत धपाटाही तूच घातलास. बातमीत मी कुठं आहे? आप्पा, आई कुठं आहेत? आणि 'अल्पशा' आजार! सगळी थंडी तुला श्वास पुरत नव्हता. उशाला भिंत लागायची तुला बसून झोपायला. बातमीत विशेषण नको म्हणून सर आम्हाला बजावतात, पण या 'अल्पशा'ला कुणी हात लावत नाही.

ती बातमी अशी कशी छापली गेली, ते तुला माहीत नसणार. तू गेलीस त्या दिवशी आप्पा म्हणाले, "तू शिकतीस ना, तूच लिही आक्काचं." मी रडत रडत लिहिलं. हसनाबाद येथील कौसल्याबाई, त्यांच्या पश्चात भाऊ, भावजय, भाची. गावच्या वार्ताहराला मोबाइलवर पाठवलं. त्याचा लगेच फोन. "ताई, बाई लग्नाची व्हती ना? मंग नवऱ्याचं नाव लागंल. मालक जिते हायेत ना?" मी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला, अंगणात गेले, आणि बोलून परत आले. रंगनाथचा नंबर त्यांनीच दिला.

वार्ताहर कामाला पक्का. त्यानं तिकडं फोन लावून खात्री करून घेतली. तिकडून त्याला जे सांगितलं ते त्यानं लिहिलं. दुसरीची मुलं, दुसरीच्या सुना, दुसरीची नातवंडं, आणि राहतं घर म्हणजे त्या माणसाचं घर! ज्या उंबऱ्यात तू पुन्हा पाय ठेवला नाहीस, तिथं तुला पेपरानं नेऊन मारलं.

सकाळी आप्पांनी पेपर वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "चांगली आली." मला वाटलं, यांना कळलं नाही. कळलं होतं गं. सगळं कळलं होतं.

आणि बायका! नवऱ्याआधी गेलीस म्हणून त्यांनी तुला हिरवं पातळ नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं. "नशीबवान बाई, भरल्या कपाळानं गेली," असं एकीनं म्हटलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. नशीबवान! मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं. दहाव्याला तो आला, मुलांना घेऊन. आप्पांनी त्याला टोपी-टॉवेल दिला. थोरला मुलगा माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "आमच्या आईचा एखादा फोटो असंल तर द्या ना, श्रद्धांजलीच्या बॅनरला लागून राह्यला." आमच्या आईचा! मी नाही म्हणाले. आप्पांनी तुझ्या आधार कार्डावरचा काढून दिला.

वर्गात सरांनी विचारलं, "यात कुणाला काही चूक दिसते?" मी उभी राहिले. "सर, ही माझी आत्या आहे. ती आमच्या घरी गेली. तिला मूलबाळ नव्हतं." पोरं माझ्याकडे बघत राहिली. सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि विचारलं, "पती हयात होते?" हो. "काडीमोड झाला होता?" नाही. "मग पती हा शब्द बरोबर आहे, बेटा. तो वगळलास तर ते तुझं मत झालं. मुलं चूक, घर चूक. पेपरला खुलासा दे, पण घरच्या मोठ्या माणसाची सही लागेल."

त्या संध्याकाळी मी आप्पांसमोर खुलाशाचा कागद ठेवला. त्यांनी तो हातातही घेतला नाही.

"वर्षे, आक्काला जन्मभर लोकांनी टाकलेली म्हनलं. मेल्यावर तरी सासरची झाली. आता ते बी काढून घेतीस का?"

"पण ते खोटं आहे, आप्पा."

"असू दे. तुझं बी बघायचं हाय. टाकलेल्या बाईनं वाढवलेली पोरगी म्हनलं की लोक दारातूनच माघारी जातेत. अंबडच्या पाव्हन्यांना मी बराबर सांगितलंय, बहीण सासरी वारली, पेपरात आल्तं म्हनून. कात्रन बी पाठवलंय."

म्हणजे माझं लग्न जमावं म्हणून तुझं मरण वापरायचं. मी आप्पांवर ओरडले, आत्या. पहिल्यांदाच ओरडले. ते नुसते डोळे पुसत बसले. त्यांनीही तुला तीस वर्षं सांभाळलंच होतं, कधी उणा शब्द बोलले नव्हते. त्यांच्यावर धड चिडताही येईना.

मग मलाच शंका यायला लागली. तुला हे आवडलं असतं का? गळ्यातले काळे मणी तू शेवटपर्यंत काढले नाहीस. रोज आंघोळ झाल्यावर पदरानं पुसायचीस. एकदा मी विचारलं होतं, कशाला घालतेस गं अजून? तर तू म्हणालीस, "जा, बस चुकंल तुझी." का नाही बोललीस, आत्या? साऱ्या गावाच्या बातम्या सांगायचीस आणि स्वतःची एक ओळसुद्धा नाही! आता तुझ्या वतीनं बोलायचं म्हटलं तर मी कशाच्या आधारानं बोलू?

काल दिवसभर हाच विचार चालला होता, आणि मग ती लग्नपत्रिका आठवली. त्या माणसाच्या थोरल्याचं लग्न होतं. कुणीतरी गावातून आणून दिली होती, वर सोनेरी गणपती. आप्पा म्हणाले, जायचं का? तू पत्रिका उलटसुलट करून पाहिलीस, चुलीत सारलीस, आणि त्याच जाळावर माझी भाकर टाकलीस. मला भाकर वाढताना काय म्हणालीस? "कागद जाड व्हता. जाळ चांगला लागला."

एवढं मला पुरे आहे. सरांना कदाचित पुरणार नाही, पेपरला तर नाहीच नाही. मला पुरे आहे.

खुलासा छापून येणार नाही, आत्या. आप्पांची सही मी खोटी करणार नाही, आणि त्यांना पुन्हा रडवणारही नाही. पण तुला एक वचन देते. रविवारी पाहुणे येतील. मी डोक्यावरून पदर घेईन, पोहे देईन, नाव सांगेन, शिक्षण सांगेन. मग त्यांच्यातलं एखादं म्हातारं माणूस विचारेलच, "घरात किती मानसं, बाई?" आई दारामागे श्वास रोखून उभी असेल, आप्पा माझ्याकडे बघतील. बघू देत. मी सांगणार आहे, आता तिघं आहोत, संक्रांतीपर्यंत चौघं होतो. चौथी माझी आत्या. तिला नवऱ्यानं टाकलं होतं, तिनं मला वाढवलं, आणि ती गेली ती इथंच, तुम्ही बसलात त्या बाजेवर.

तुझ्या हाताखाली वाढलेली,
वर्षा